डभोईचे गुणे आणि उतारवयातील योगशिक्षक

लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. मात्र त्या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे आपल्या डभोईचे, वडोद्यापासून जेमतेम तीस किलोमीटरांवरच्या गावचे, ही गोष्ट वडोद्याच्या जुन्या मराठी घरांतूनही आता फारशी सांगितली जात नाही. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा. त्यांच्याविषयीची दुसरी गोष्ट तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. गुणे हे लहानपणापासूनचे योगी नव्हते. त्यांचा पेशा शिक्षकाचा होता. योगमार्गातील गुरू त्यांना भेटले तेव्हा ते छत्तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि लोणावळ्यास संस्था उभी राहिली तेव्हा वयाची एक्केचाळीस वर्षे उलटली होती. आज एक्केचाळीस हे वय तरुणपणातच मोजले जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या समाजात त्या वयाचा गृहस्थ मुलीचे लग्न उरकून नातवंडांची वाट पाहत असे.

हा विषय आत्ताच घेण्यास एक कारण आहे. आपल्या वर्तुळातील कितीतरी मंडळी नोकरीतून निवृत्त झाल्यावर योगाचा अभ्यासक्रम पुरा करतात, प्रमाणपत्र मिळवतात आणि बागेत, देवळाच्या सभामंडपात किंवा सोसायटीच्या गच्चीवर वर्ग घेऊ लागतात. कमाटी बागेत सकाळी फेरी मारली की असे दोन-तीन घोळके तरी दिसतात. त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, योग ही बालपणापासून गुरूच्या पायाशी बसून शिकायची विद्या आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचे कागद हातात पडल्यावर जो सुरुवात करतो, त्याने स्वतःपुरते जे काय करायचे ते करावे, शिक्षक म्हणवून घेऊ नये. दुसरे मत याच्या अगदी उलट. परीक्षा दिली, शिक्का मिळाला, मग वय कशाला विचारता? सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढल्यामुळे शिक्क्याची किंमत मला ठाऊक आहे आणि त्याच्या मर्यादाही ठाऊक आहेत. म्हणून ही दोन्ही मते गुण्यांच्या चरित्राशी ताडून पाहावीत असे वाटले.

डभोईचे नाव मराठ्यांच्या इतिहासात १७३१ च्या लढाईमुळे येते. बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात ती लढाई झाली, तीत दाभाडे पडले आणि त्यानंतर गुजरातेत गायकवाडांचे बस्तान पक्के होत गेले. त्यांच्यामागून कारकून, शिक्षक, पुराणिक, वैद्य अशी मराठी कुटुंबे या मुलखात पसरली. गुण्यांचे घर असेच मध्यमवर्गीय, किंबहुना त्याहून थोडे खालच्या ऐपतीचे. वडील शिक्षक होते आणि मुलाचे शिक्षण बरेचसे त्याच्या हुशारीच्या बळावर पार पडले. १९०३ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे आयुष्यभर नावामागे लागणारे बिरुद होते. पुढे ते बडोदा कॉलेजात गेले. अरविंद घोषांच्या अध्यापनाची छाप त्या कॉलेजावर होती आणि टिळकांच्या राजकारणाचे वारे तर घराघरांतून वाहत होते. १९१० साली गुणे पदवीधर झाले.

कॉलेजच्या वर्गाइतकाच, कदाचित त्याहून अधिक, त्यांच्या घडणीचा भाग जुम्मादादा व्यायाममंदिरात झाला. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव हे उस्ताद जुम्मादादांचे शिष्य. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा दांडिया बाजारच्या आसपास राहत होते, त्यांच्या घरी माणिकरावांच्या आठवणी अजून असतील. मल्लखांब, कुस्ती, लाठी ही जुनी विद्या त्यांच्याकडे होतीच, पण ती एकेकट्या चेल्याला शिकवण्यावर ते थांबले नाहीत. पन्नास-शंभर मुले एका रांगेत उभी करावीत, एका हुकुमावर त्यांच्या हालचाली व्हाव्यात, हुकूम इंग्रजी नसून आपल्या भाषेत असावेत, हा संघव्यायामाचा विचार त्यांनी रुजवला. पुढे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड याच वडोद्यातून काढले. शरीरविद्येविषयी एवढी आस्था असलेले दुसरे मराठी शहर त्या काळात शोधून सापडणे कठीण. गुण्यांनी येथून काय नेले ते पुढे दिसेलच.

येथे थोडे विषयांतर करतो. गुणे माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळीत होते, त्याच दिवसांत वडोद्यात आणखी एक प्रसंग घडला. १९०७ च्या अखेरीस सुरतेची काँग्रेस मोडली आणि तेथून अरविंद घोष वडोद्यास आले. त्यांच्या धाकट्या भावाने, बारींद्रने, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यांना त्यांच्या भेटीसाठी बोलावून घेतले होते. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात एका खोलीत अरविंद तीन दिवस लेल्यांबरोबर ध्यानास बसले आणि आपल्या साधनेतील पहिला मोठा अनुभव त्यांना तेथे आला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. अरविंद तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, देशभर नाव झालेल्या या पुढाऱ्याने एका अप्रसिद्ध मराठी गृहस्थासमोर तीन दिवस निमूट बसावे, याचे आश्चर्य वाटते. लेल्यांचे नाव आज किती जणांना आठवते? असो.

पदवी घेतल्यावर गुणे खानदेशात अमळनेरला गेले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात त्यांनी स्वतःला जुंपून घेतले आणि १९१६ च्या सुमारास तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. अमळनेर तेव्हा लहान गाव असले तरी त्याची झेप मोठी होती. प्रताप शेठजींच्या औदार्याने तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते आणि पुढे १९२४ पासून साने गुरुजी त्याच गावात शिक्षक होते. अशा गावात, राष्ट्रीय बाण्याच्या कॉलेजात, तिशी ओलांडलेला ब्रह्मचारी प्राचार्य भारतीय संस्कृती शिकवतो आहे, असे ते चित्र होते. हा माणूस याच खुर्चीवर म्हातारा होणार असे कोणीही म्हटले असते. १९२० मध्ये ते कॉलेज बंद पडले. त्यामागे सरकारची वक्रदृष्टी होती.

पण वळण त्याच्या आधीच घेतले गेले होते. १९१९ मध्ये गुणे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास महाराजांकडे गेले. मालसर हे आज वडोदरा जिल्ह्याच्या शिनोर तालुक्यातील गाव. माधवदास मूळचे बंगाली. इंग्रजी शिकून न्यायखात्यात नोकरी करीत असताना सर्व सोडून ते वैष्णव बैरागी झाले, वर्षानुवर्षे हिंडले आणि उतारवयात मालसरला स्थिरावले, असे सांगतात. त्यांच्या वयाविषयीचे प्रचलित आकडे कोणाही दप्तरदाराच्या पचनी पडणारे नाहीत, म्हणून ते येथे देत नाही. पण शिकवण्याचे त्यांचे मुख्य कार्य म्हातारपणी झाले, एवढे नक्की. १९२१ मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे गुण्यांना गुरूचा सहवास मिळाला तो दोन वर्षांच्या आसपास, आणि तोही नोकरी सांभाळून येऊन-जाऊन. ज्यांना योगविद्या म्हणजे बारा वर्षांचे गुरुगृही राहणे असे वाटते, त्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

माधवदासांच्या हाताखालून दोन मोठे शिष्य बाहेर पडले. दुसरे म्हणजे सुरतेजवळच्या देगामचे मणिभाई देसाई, पुढचे श्रीयोगेंद्र. त्यांचा जन्म १८९७ चा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकत असताना, विशीच्या आतच, ते मालसरला पोहोचले आणि १९१८ च्या डिसेंबरात, एकविसाव्या वर्षी, त्यांनी वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. मागाहून ते अमेरिकेस जाऊन आले, लग्न केले, गृहस्थाश्रमात राहूनच योग शिकवला आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये स्त्रियांसाठी योगव्यायामाचे पुस्तक लिहिले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य. त्यांतला एक आयुष्याच्या आरंभी आला आणि दुसरा निम्मे आयुष्य सरल्यावर. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा हा प्रश्न नाही. पण योगेंद्रांना शिक्षक होण्याची कला योगाबरोबरच शिकावी लागली, तर गुण्यांकडे ती आधीच तयार होती. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली येथे आहे.

त्या काळी आपल्या घरांतून योगाविषयी काय समजूत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घरोघरी वाचला जाई. कुंडलिनीचे ते वर्णन ऐकताना आजीचे डोळे भरून येत. पण तो अध्याय करून पाहावा असे कोणाच्या मनात येत नसे. उलट प्राणायाम जास्त केला तर डोके फिरते, मुलगा घर सोडून जातो, अशी भीती असे. योग बैराग्यांचा, नमस्कार आणि तालीम गृहस्थांची, अशी सरळ वाटणी होती. हठप्रदीपिकेत तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी, दुर्बळ अशा सर्वांनाच अभ्यासाने सिद्धी मिळते असे सांगितले आहे खरे, पण ते वचन शिकणाऱ्याविषयी आहे. कोणी शिकवावे याचे उत्तर परंपरेने दिले होते, आणि त्यात पदवीधर प्राचार्याला जागा नव्हती.

गुण्यांनी काय केले? मालसरहून परतताना त्यांच्या मनात शंका होत्या आणि त्या दडपून टाकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पोट खपाटीला ओढून धरण्याच्या उड्डियान बंधाने आणि पोटाचे स्नायू घुसळणाऱ्या नौलीने शरीरात नेमके काय होते? १९२०–२१ मध्ये वडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत, आपल्याच काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, त्यांनी हे तपासायला सुरुवात केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखवले. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले आणि ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हणून ती ओळखली जाऊ लागली. गुरूवरची निष्ठा आणि दाबमापक यंत्रावरचा विश्वास एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्याच्या पानांवर नौलीची क्ष-किरण चित्रे आणि संस्कृत ग्रंथांची चर्चा शेजारी शेजारी येत. जुने अंक चाळताना एक गोष्ट विशेष जाणवते. लेखक वाचकाला आपल्या मागे येण्यास सांगत नाही. काय मोजले, कसे मोजले, किती जणांवर मोजले, हे सांगून मगच तो निष्कर्षाकडे येतो. प्राणायामाच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःच्या पक्षाला गैरसोयीचे असे मत मांडले. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा जातो, असे त्या काळचे योगप्रचारक उच्चरवाने सांगत, आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंची मोजणी केली आणि ही समजूत मोजणीत टिकत नाही असे सांगितले. प्राणायामाचे महत्त्व शरीरातील दाबांवर आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधावे, असा त्यांचा रोख होता. आपल्याच दुकानातील मालाविषयी असे बोलणारा माणूस विरळा. अमेरिकेतील येल विद्यापीठातून आलेले के. टी. बेहानन १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगावर शास्त्रीय दृष्टीने पुस्तक लिहिले. त्यामागे या वृत्तीचे आकर्षण असावे.

आता शिकवण्याकडे वळू. आसनांवरील त्यांच्या पुस्तकात शेवटी अभ्यासक्रम दिले आहेत: एक पूर्ण, एक संक्षिप्त आणि एक सोपा. सोपा अभ्यासक्रम ज्यांना पहिले दोन झेपत नाहीत त्यांच्यासाठी आहे. कोणते आसन किती वेळ, ते आठवड्यागणिक कसे वाढवायचे, कोणत्या व्याधीत कोणते टाळायचे, हे सारे तपशीलवार सांगितले आहे. हे वाचताना मला शाळेचे वेळापत्रक आठवते. वर्गात चाळीस मुले असतात, त्यांत पाच हुशार, पाच कच्ची आणि बाकीची मधली. सर्वांना घेऊन वर्षअखेरीस पुढच्या इयत्तेत न्यायचे असते. ज्याने हे केले आहे त्यालाच ‘सोपा अभ्यासक्रम’ सुचतो. आखाड्यातील उस्ताद सहसा कच्च्या चेल्याला घरी पाठवतो, आणि बैरागी तर उत्तम अधिकाऱ्याखेरीज कोणाला दीक्षाच देत नाही. कच्च्यांसाठी वेगळा धडा काढणे हा शिक्षकाचा धर्म आहे.

माणिकरावांचे ऋणही येथेच फेडले गेले. १९३६ मध्ये ‘यौगिक संघव्यायाम’ हे त्यांचे पुस्तक निघाले. रांगेत उभे राहून, हुकुमावर करायचे योगव्यायाम त्यात आहेत. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवरही त्यांनी काम केले. त्याच वर्षी मुंबईत चौपाटीनजीक ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्यकेंद्र उभे राहिले. तेथे येणारे लोक साधू होण्यासाठी येत नव्हते. मलावरोध, पाठदुखी, झोप न येणे, असल्या शहरी तक्रारी घेऊन ते येत, तासभर थांबत आणि कामाला जात. पुढे १९५०–५१ च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. योगाचा शिक्षक हा रीतसर अभ्यासक्रमातून तयार होऊ शकतो, ही कल्पना त्याने पक्की केली. आज निवृत्तीनंतर जो कोणी योगशिक्षकाचा अभ्यासक्रम करतो, तो कळत-नकळत या महाविद्यालयाच्या पायवाटेवरून चालतो.

यात काही गमावले का? गमावले, असे म्हणणारे विद्वान आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हुकुमावर केलेले आसन कवायतीच्या जवळ जाते. मोक्षासाठी सांगितलेली साधना मलावरोधासाठी वापरली की तिचा रोख बदलतो. कुवलयानंदांना हे कळत नव्हते असे नाही. संस्कृत हस्तलिखिते जमवणे, ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढणे, हा विभाग त्यांनी संस्थेत मुद्दाम राखला. हठप्रदीपिकेची स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९७० मध्ये तेथूनच निघाली. तरीही मला वाटते, योग जर बैराग्यांच्या गुहेतच राहिला असता तर आपल्यापैकी शंभरातील नव्याण्णवांना त्याचा वाराही लागला नसता. तोटा झाला असेल, पण तो पत्करण्याजोगा होता.

गुणे एकटेच उशिरा आले असे नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. सूर्यनमस्कारावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले तेव्हा ते साठीत होते, आणि १९३८ मध्ये लंडनच्या वाचकांसाठी त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा सत्तर वर्षांचे. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा हा राजा उतारवयात गावोगावच्या मुलांना नमस्कार घालायला शिकवीत होता. नमस्कार हा योग की व्यायाम, हा वाद त्या काळी होता आणि तो मी येथे उकरून काढत नाही.

बेळगावकर वाचकांसाठी आणखी एक नाव सांगतो: डॉ. व्ही. बी. गोखले. हे बेळगावचे सिव्हिल सर्जन. १९३६ च्या दौऱ्यात कृष्णमाचार्य आणि त्यांचे शिष्य यांची प्रात्यक्षिके त्यांनी पाहिली. निवृत्त होऊन पुण्यास आल्यावर १९३७ मध्ये त्यांनी डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी एका अठरा वर्षांच्या मुलाला बोलावून घेतले. तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. अय्यंगारांना मराठी येत नव्हते. मग डॉक्टर शरीराची बाजू व्याख्यानातून समजावून सांगत आणि अय्यंगार आसने करून दाखवीत. गोखले स्वतःला योगशिक्षक म्हणवीत नव्हते. पण शरीराचे आयुष्यभर मिळवलेले ज्ञान त्यांनी निवृत्तीनंतर योगाच्या कामी लावले, आणि पुण्याला अय्यंगार मिळाले ते एका पेन्शनरामुळे, हे विसरता कामा नये. जिमखान्यावरच्या त्या वर्गांना तेव्हा फार थोडे लोक येत, हेही तितकेच खरे.

या उदाहरणांवरून सुरुवातीच्या दोन मतांकडे परत येतो. उशिरा आलेल्याने शिकवू नये, हे मत गुण्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. दोन वर्षांच्या गुरुसहवासावर त्यांनी बेचाळीस वर्षे काम केले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले तेव्हा वय ब्याऐंशी होते. पण दुसरे मतही टिकत नाही. गुण्यांकडे योगाचे प्रमाणपत्र नव्हते, त्या काळी ते कोणाकडेच नव्हते. त्यांच्याकडे संस्कृत होते, आखाड्याचे शरीर होते आणि वर्ग चालवण्याची वर्षानुवर्षांची सवय होती. बाळासाहेबांकडे राज्य चालवण्याची शिस्त होती, गोखल्यांकडे वैद्यक होते. प्रत्येकाने आपल्या आधीच्या आयुष्यातील काहीतरी या विद्येत ओतले. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो, सरकारी योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून परीक्षा घेते, आणि ते चांगलेच आहे. परंतु महिनाभरात परीक्षा उरकून, आसनांची नावे पाठ करून, पूर्वायुष्यातले काहीच बरोबर न आणता जो शिकवायला उभा राहतो, त्याच्या वर्गात एखाद्याचा मणका दुखावतो तेव्हा प्रमाणपत्र कोणाच्या कामाला येत नाही. कारकुनाने नियम पाठ करावेत हे ठीक, पण अर्जदाराकडे वर मान करून पाहायलाही शिकले पाहिजे. योगाच्या वर्गात तर हे पाहणेच अधिक महत्त्वाचे.

आमच्या भागात एक निवृत्त मुख्याध्यापिका सकाळी सहाला वर्ग घेतात. योग शिकायला त्यांनी सुरुवात केली ती साठीला पोहोचल्यावर. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला एकही आसन करू देत नाहीत. शेजारी बसवतात, रक्तदाब, डोळ्यांचा दाब, हर्निया, गुडघे, झालेल्या शस्त्रक्रिया हे सारे विचारतात आणि एका लांबट वहीत लिहून घेतात. शाळेचे हजेरीपुस्तक भरावे तशी तांबड्या-निळ्या शाईत ती वही भरलेली असते. शीर्षासन शिकवा म्हणून मागे एकाने फार आग्रह धरला. बाईंनी सांगितले, ते मी या वयात शिकले नाही, म्हणून ते मी शिकवीत नाही, आणि तुमचा रक्तदाब पाहता तुम्हीही ते करू नये. गृहस्थ रुसून दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा येऊन मागच्या रांगेत बसले आणि बाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे आधीचे दोन दिवस गैरहजेरी मांडली.